अर्जात न लिहिलेली गोष्ट



मागच्या महिन्यात आम्ही या सदरात शिष्यवृत्तीच्या अर्जांविषयी लिहिले होते. त्यानंतर बरेच फोन आले. उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत मिळतो, बँकेचे खाते मुलाच्या नावाने हवे की वडिलांच्या, असे नेहमीचे प्रश्न होते. एक फोन मात्र वेगळा होता. आकुर्डीच्या एका वडिलांनी विचारले, "आपा, मुलगा फिल्म काढायची म्हणतोय. सरकार त्यासाठी पैसे देतं असंही म्हणतोय. हे खरं आहे का? आणि खरं असलं तरी आपल्यासारख्यांना देतील का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. हो, खरे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आमच्या हातून झालेली एक चूक सांगावी लागेल. ती चूक अनेक घरांत, अनेक शाळांत होत असते, म्हणून लाज बाजूला ठेवून सांगतो.

आमची एक जुनी विद्यार्थिनी पिंपरीत राहते. उर्दू शाळेत दहावीपर्यंत आम्ही तिला मराठी शिकवले. आता ती चाकणला एका वाहतूक कंपनीच्या कार्यालयात संगणकावर काम करते. नातेवाइकांच्या लग्नांत मोबाईलवर चित्रण करता करता तिला त्याचा नाद लागला. दोन वर्षांपूर्वी ती एक कागद घेऊन घरी आली. लघुपटासाठी अर्थसाह्य देणाऱ्या एका सरकारी योजनेची मुदत पंधरा दिवसांवर आली होती. "आपा, माझं मराठी जरा बघून द्या," ती म्हणाली.

कागदावर तिच्या दादीची गोष्ट होती. १९७२च्या दुष्काळात दादी लातूरकडून नवऱ्याबरोबर पिंपरीत आली. दादाजी भोसरीला एका कारखान्यात प्रेसवर लागले. काही वर्षांनी मशीनमध्ये त्यांची तीन बोटे गेली आणि पगार बंद झाला. मग दादीने एकट्या राहणाऱ्या कामगार पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. दादीला लिहिता-वाचता येत नव्हते. कोणता डबा कोणाचा हे ओळखण्यासाठी तिने प्रत्येक डब्यावर ऑइल पेंटने एक खूण काढली. कोणाला चांद, कोणाला मासा, कोणाला पतंग. ज्याचे वडील शिंपी होते त्याला कैची. तिशी-चाळीशी पोरे, बीडची, कोल्हापूरची, बिहारची, आपापल्या खुणेने ओळखली जात. "मछली का पैसा आया नहीं," असा तिचा हिशेब चाले. श्रावणात काहींच्या डब्यातले अंडे बंद होई. रमजानमध्ये रोजा असताना ती दुपारचे डबे भरी. मीठ चाखता येत नसे, म्हणून शेजारच्या मावशींना हाक मारून मीठ चाखायला लावी.

शेवटी एक ओळ होती. दादी चित्रणाला तयार आहे, पण तिची एक अट आहे. "चेहरा नको दिखा बेटी, हातां दिखा."

आम्ही काय केले? लाल पेन घेतला. इतकी वर्षे निबंध तपासलेला हात, तो कसा थांबणार? "मछली का पैसा" काढले, कारण ते शुद्ध मराठी नव्हते. मीठ चाखण्याचा प्रसंग काढला, कारण तो आम्हाला किरकोळ वाटला. त्या जागी लिहिले, "हा लघुपट राष्ट्रीय एकात्मतेचा व सर्वधर्मसमभावाचा संदेश समाजापर्यंत पोहोचवेल." दादीच्या अटीची ओळ तर आम्ही पूर्णच खोडली. कारण खरे सांगायचे तर आम्हाला भीती वाटली. समितीतले लोक म्हणतील, बघा, बाई चेहरा दाखवत नाही, मागासलेले घर आहे. म्हणून आम्ही त्याबद्दल एक शब्दही ठेवला नाही.

अर्ज छाननीत निघाला आणि मुलाखतीला बोलावणे आले. चिंचवडहून पहाटेच्या सिंहगड एक्स्प्रेसने आम्ही दोघी मुंबईला गेलो. ती आत गेली, आम्ही बाहेर बाकावर बसलो. वीस मिनिटांनी ती बाहेर आली. परतीच्या गाडीत कर्जत ओलांडेपर्यंत ती फारसे बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांनी विचारलं, पहिल्या मिनिटात पडद्यावर काय दिसतं? मी डब्यावरच्या खुणा सांगितल्या. मग विचारलं, दादींचा चेहरा पहिल्यांदा कधी दिसतो? मी म्हटलं, कधीच नाही, फक्त हात दिसतात. ते सगळे पुढे सरकून बसले. एक बाई म्हणाल्या, हे अर्जात का नाही लिहिलं?"

थोड्या वेळाने तिने एवढेच सांगितले, "आपा, त्यांनी जे विचारलं ते सगळं माझ्या पहिल्या कागदावर होतं."

निवड यादीत तिचे नाव नव्हते. समितीचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही. निवड कागदावर होते, आणि कागदावरून आम्हीच दादीला घालवले होते.

आता आकुर्डीच्या वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्यासारख्यांना देतील का?

चित्रपटासाठी सरकारी पैसा ही आपल्या देशात नवी गोष्ट नाही. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१मध्ये अहवाल दिला, आणि चित्रपटांना वित्तपुरवठा करणारी सरकारी संस्था असावी अशी शिफारस केली. १९६०मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. पुढे १९८०मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत, विलीन झाले.

एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. फाळणीनंतर आग्र्यातच राहिलेल्या सलीम मिर्झा या जोड्यांच्या कारखानदाराच्या कुटुंबाची ती कथा आहे. मूळ कथा इस्मत चुगताई यांची, पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. सथ्यूंनी आधी फायनान्स कॉर्पोरेशनकडे दुसरीच एक पटकथा दिली होती. ती नाकारली गेली. मग त्यांनी ही दिली, आणि तिला अडीच लाख रुपये मंजूर झाले. तेवढ्यात चित्रपट होणार नव्हता. उरलेले साडेसात लाख त्यांनी मित्रांकडून उसने घेतले. ध्वनिमुद्रणाची सामग्री परवडत नव्हती, म्हणून चित्रण आवाजाशिवाय केले आणि संवाद नंतर भरले. १९७३चा हा चित्रपट सेन्सॉरकडे काही महिने अडकला. शेवटी प्रदर्शित झाला, आणि राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला.

हे वाचताना आम्हाला आमचा लाल पेन आठवतो. एकात्मतेचा पुरस्कार मिळालेल्या त्या चित्रपटात काय आहे? एका हवेलीचा ताबा आहे, बँकेने नाकारलेले कर्ज आहे, मुलीचे मोडलेले लग्न आहे, घर सोडायला तयार नसलेली म्हातारी आई आहे. संदेश कोणी वेगळा लिहून जोडलेला नाही. तो पाहणाऱ्याला आपोआप मिळतो. आम्ही नेमके उलटे केले. म्हातारी काढली आणि संदेश ठेवला.

सईद अख्तर मिर्झा यांचे 'सलीम लंगडे पे मत रो' आणि 'नसीम' हे चित्रपटही एनएफडीसीच्या पैशातून झाले. 'नसीम'मध्ये १९९२च्या मुंबईतली एक शाळकरी मुलगी आणि तिचे आजारी आजोबा आहेत. आजोबांचे काम स्वतः कैफी आझमींनी केले आहे. या सगळ्या गोष्टी आपल्या घरांतल्याच होत्या. तेव्हा दिले गेले आहेत, हे नक्की. उद्या तुमच्या मुलाला देतील का, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण ज्याने अर्जच केला नाही त्याला देणार नाहीत, एवढे मात्र नक्की सांगता येते.

हा पैसा म्हणजे खिरापत नव्हे, हेही मुलांना सांगा. चहाच्या पुड्यापासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत आपण सगळे कर भरतो. त्यातूनच हा निधी येतो. तो मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. मात्र तो मागताना काही गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट, पैसा कधी मिळतो. काही योजना पटकथेवर, म्हणजे चित्रपट होण्यापूर्वी मदत करतात. काही योजना चित्रपट पूर्ण झाल्यावर देतात. महाराष्ट्राची मराठी चित्रपट अनुदान योजना दुसऱ्या प्रकारची आहे. चित्रपट तयार हवा, सेन्सॉरचे प्रमाणपत्र हवे. मग परीक्षण समिती तो पाहून गुण देते. 'अ' दर्जा मिळाला तर ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख, अशा रकमा या योजनेत ठरलेल्या होत्या. रक्कम आणि अटी शासन निर्णयाने बदलत असतात. शासन निर्णय मराठीतच असतात आणि राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. ताजा निर्णय स्वतः वाचावा, चहाच्या टपरीवरच्या माहितीवर जाऊ नये. त्याआधी १९७५पासून राज्यात करपरतावा योजना होती. मराठी चित्रपटाच्या तिकिटांवर जमा झालेला करमणूक कर निर्मात्याला पुढच्या चित्रपटासाठी परत मिळत असे. म्हणजे तिथेही आधी एक चित्रपट पदरचे पैसे घालून काढावा लागे. ज्याचा खिसा रिकामा आहे त्याने हा फरक ओळखावा. नाहीतर "सरकार देणार आहे" या भरवशावर घरातले दागिने गहाण पडतात आणि अनुदानाचा पत्ता नसतो.

दुसरी गोष्ट, पैसा कोणत्या स्वरूपात मिळतो. अनुदान, कर्ज आणि सहनिर्मिती हे तीन वेगळे प्रकार आहेत. जुने फायनान्स कॉर्पोरेशन मुख्यतः कर्ज देई. कर्ज म्हटले की व्याज आले, आणि व्याजाविषयी आपल्या घरांत काय म्हणतात ते आम्ही सांगायला नको. अनुदान परत करायचे नसते, पण खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. सहनिर्मितीत सरकारी संस्था भागीदार होते आणि चित्रपटाचे हक्क वाटले जातात. सही करण्याआधी यातले नेमके काय आहे ते वाचा, आणि कळले नाही तर एखाद्या वकिलाकडून किंवा सनदी लेखापालाकडून समजून घ्या.

तिसरी गोष्ट, कोणाकडे अर्ज करायचा. २०२२मध्ये फिल्म्स डिव्हिजन, बालचित्र समिती आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय या संस्थांचे काम एनएफडीसीकडे गेले. जुन्या पुस्तकांतले पत्ते आणि जुने नमुने आता चालणार नाहीत. गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२१पासून 'क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमॉरो' नावाचा तरुणांसाठीचा उपक्रम सुरू झाला. पहिल्या वर्षी देशभरातून ७५ जण निवडले गेले. तिथे थेट निधी मिळत नाही, पण ४८ तासांत गट करून लघुपट काढायला मिळतो आणि या क्षेत्रातली जाणती माणसे भेटतात. नवशिक्यासाठी हेही कमी नाही.

चौथी गोष्ट, कागद. बहुतेक ठिकाणी एक पानाचा सारांश, पटकथा, दिग्दर्शकाचे मनोगत, अंदाजपत्रक आणि वेळापत्रक मागतात. सारांशात काय घडते ते लिहा. चित्रपट किती महान होईल ते लिहू नका. गोष्ट दुसऱ्या कोणाची असेल तर त्या माणसाची लेखी संमती घ्या, मग ती सख्खी दादी का असेना. दादीने संमतीपत्रावर अंगठा दिला, दोन शेजाऱ्यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. पार्श्वभूमीला रेडिओवर जुने गाणे वाजत असेल तर त्याचेही हक्क लागतात. ते महाग पडतात. गाणे टाळलेले बरे.

अंदाजपत्रकात मुले दोन चुका करतात. एक, कॅमेऱ्यावर सगळे पैसे टाकतात आणि आवाजासाठी काही ठेवत नाहीत. चित्र थोडे अंधूक असले तर लोक पाहून घेतात, बोलणे ऐकू आले नाही तर उठून जातात. दुसरी, "मित्र फुकट करतील" म्हणून मित्रांचे काम लिहीतच नाहीत. लिहा. त्यांच्या कामाची रास्त किंमत मांडा आणि पुढे "अर्जदाराचा वाटा" असे दाखवा. जेवण आणि रिक्षाचे भाडेही लिहा. डबे देणाऱ्या दादीवर चित्रपट काढायला निघालेल्या आमच्या विद्यार्थिनीने स्वतःच्या चमूच्या जेवणाचा खर्च धरला नव्हता!

पाचवी गोष्ट, हिशेब. सरकारी पैसा बहुधा हप्त्यांनी येतो. पहिल्या हप्त्याच्या पावत्या दिल्याशिवाय दुसरा सुटत नाही. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. शिक्षकांना हा शब्द चांगला ठाऊक आहे, शाळेला आलेल्या खडूच्या पैशासाठीसुद्धा ते द्यावे लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही करा, पावती चिकटवा, तारीख टाका. लोकांचा पैसा ही अमानत आहे. एकाने हिशेबात घोळ केला की त्याच्या मागून येणाऱ्या दहा मुलांकडे संशयाने पाहिले जाते.

राहिली घरातली गोष्ट. फिल्म म्हटले की आपल्याकडे कपाळावर आठ्या पडतात. आमच्या विद्यार्थिनीचे अब्बा पहिल्या दिवशी म्हणाले होते, "नाचगाण्याचे धंदे आपल्या घरात नकोत." त्यांची काळजी आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आपल्या लेकीने कशाला हात घालावा याचा विचार बापाने करायलाच हवा. पण त्यांनी मुलीचा तो पहिला कागद वाचला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. ज्या मशीनने त्यांच्या बापाची बोटे नेली त्याविषयी घरात कोणी कधी बोलले नव्हते. मग ते उठले, माळ्यावर चढले आणि कापडात बांधलेले चार जुने डबे खाली काढले. एकावर मासा होता, रंग निम्मा उडालेला. तेव्हापासून त्यांनी विरोध केला नाही.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचा इतिहास सांगितला जातो तेव्हा १९५४ साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचे नाव येते, मोटारींच्या कारखान्यांची नावे येतात. ते योग्यच आहे. पण त्या कारखान्यांत राबणाऱ्या पोरांना दुपारी कोणी खाऊ घातले, ते कोणाच्या नोंदीत नाही. ते आपल्या दादी-नानींच्या हातांत आहे, आणि ते हात आता थकले आहेत. कोणी चित्रित केले नाही तर ते त्यांच्याबरोबरच जाईल.

गेल्या महिन्यात त्या मुलीने दुसरा अर्ज केला. या वेळी आम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि पेन खाली ठेवला. "मछली का पैसा" तसेच आहे. मीठ चाखणाऱ्या मावशी आहेत. दादीची अट तर पहिल्याच परिच्छेदात आहे. पाठवण्याआधी तिने सगळा अर्ज दादीला वाचून दाखवला. दादीने शेवटपर्यंत ऐकले आणि एकच दुरुस्ती सांगितली, "पतंग लाल नई था. हरा था." तेवढे बदलून अर्ज गेला. उत्तर अजून आलेले नाही.

आकुर्डीच्या भाईंना आमचे सांगणे एवढेच आहे. येत्या रविवारी मुलाला आमच्याकडे पाठवा. त्याने गोष्ट एका पानावर, स्वतःच्या शब्दांत लिहून आणावी. घरात बोलतात त्या भाषेत असली तरी चालेल. लाल पेन आम्ही कपाटात ठेवला आहे.